विद्यापीठाच्या वेशीवरील पहारा

विद्यापीठातील संगणकजाळे ही संगणक केंद्राची बाब आहे आणि भाषा-साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, अशी एक समजूत आपल्या विभागांतून रूढ झालेली आहे. पुस्तक उतरवून घेण्यास दोन तास लागले, म्हणजे आपण चहाला उठतो. एखादे संकेतस्थळ उघडलेच नाही, म्हणजे 'आज नेट नाही' असे म्हणून उत्तरपत्रिका तपासावयास घेतो. ग्रंथालयाचे कपाट कोणी कुलूपबंद केले असते, तर याच विभागांनी कुलगुरूंकडे निवेदन धाडले असते. जाळ्यावरील कुलूप दिसत नाही, एवढाच फरक. या अदृश्य कुलपांचा जाच सर्व विद्याशाखांना सारखा होत नाही; भारतीय भाषांच्या अभ्यासकांना तो अधिक होतो, आणि महाराष्ट्राबाहेर राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्यांना त्याहूनही अधिक होतो, असे माझे मत आहे. त्याची कारणे तांत्रिक असल्यामुळे वाचकांनी थोडा धीर धरावा, ही विनंती.

जाळ्यावरील प्रत्येक संगणकास ६५,५३५ क्रमांकित दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. इंग्रजीतील या शब्दामागे लॅटिनमधील 'दार' आणि 'बंदर' असे दोन सख्खे शब्द उभे आहेत. तुलनाकारास मौजेची वाटावी अशी ही गोष्ट, परंतु येथे 'दार' हाच अर्थ घेऊन चालू. कोणत्या दाराने कोणता व्यवहार करावयाचा, याचे संकेत ठरलेले आहेत. नेहमीची संकेतस्थळे ८० आणि ४४३ या दारांनी येतात-जातात. टपाल २५ क्रमांकाने एका टपालयंत्राकडून दुसऱ्याकडे जाते. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करावयाचे, तर २२ क्रमांक. ग्रंथालयांनी परस्परांच्या सूचींतून नोंदी मागवावयाच्या, तर २१०. विद्यापीठाच्या वेशीवर जी फायरवॉल नावाची यंत्रणा बसविलेली असते, ती यांपैकी कोणती दारे उघडी ठेवावयाची हे ठरविते. बहुतेक ठिकाणी धोरण सोपे असते: ८० आणि ४४३ उघडी, बाकी बंद. गडाचा महादरवाजा तेवढा उघडा ठेवावा आणि दिंडी दरवाजे, चोरवाटा सगळ्या चिणून टाकाव्यात, असा हा कारभार आहे.

यात भाषेच्या अभ्यासकाचे काय बिघडले? तो तर महादरवाजानेच जातो-येतो. प्रथमदर्शनी हे खरे वाटते. परंतु महादरवाजातून काय आणावयाचे आहे, याचा विचार केला म्हणजे चित्र पालटते.

इंग्रजीतील एखाद्या नियतकालिकातला लेख घ्या. तो मजकूर म्हणून साठविलेला असतो. पुष्कळदा तो एका मेगाबाइटच्या आतबाहेर भरतो आणि श्वास घेईपर्यंत उतरतो. आता १९२० च्या सुमाराचे एखादे मराठी मासिक घ्या. ते मजकूर म्हणून कोठेही उपलब्ध नसते. त्याच्या पानांची छायाचित्रे असतात आणि चारशे पानांचा खंड दीडशे-दोनशे मेगाबाइटचा होतो. देवनागरी छापील मजकूर यंत्राकडून वाचून घेण्याची सोय अलीकडे सुधारली असली, तरी जुने खिळे, तुटकी जोडाक्षरे आणि पिवळा कागद यांच्यापुढे ती अजून अडखळते. मोडीचे तर नावच नको. तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले तेच २०१४ मध्ये. म्हणून आपले साधन हे चित्ररूप साधन आहे, आणि चित्र जड असते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई संग्रहात मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' मजकूररूपाने आहेत; ते कितीही मंद जोडणीवर चालतात. हा अपवाद आहे, आणि या अपवादावरून इतर वाङ्मयही असेच हलके असते तर काय झाले असते, याची कल्पना येते.

थोडे गणित करू. समजा, एखाद्या वसतिगृहाच्या वाट्यास सेकंदाला १०० मेगाबिटांची जोडणी आली आहे आणि रात्री नऊ वाजता ५०० विद्यार्थी तिच्यावर आहेत. प्रत्येकाच्या वाट्यास ०.२ मेगाबिट येतो. या वेगाने एक मेगाबाइटचा लेख ४० सेकंदांत उतरेल. दोनशे मेगाबाइटच्या मासिकास ८,००० सेकंद, म्हणजे सव्वादोन तास लागतील. तेवढ्या अवधीत बहुधा लॉगिनची मुदत संपते, पुन्हा नाव आणि संकेतशब्द मागितला जातो, आणि ऐंशी टक्के उतरलेले पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा सुरू होते. काही ठिकाणी वेशीवरील यंत्र संपूर्ण फाइल आधी आपल्यापाशी घेऊन तिची विषाणूतपासणी करते व मग ती पुढे सोडते. काही ठिकाणी अमुक आकारापुढील फाइल येऊच देत नाहीत. हे नियम करणाऱ्याच्या मनात चित्रपट असतो. सापडते ते मात्र 'मनोरंजन' किंवा 'विविधज्ञानविस्तार'.

शिवाय विद्यापीठातील शेकडो माणसे बाहेरच्या जगास पुष्कळदा एकाच पत्त्यावरून येताना दिसतात. दहा अभ्यासकांनी एकाच संग्रहालयाकडे एकाच वेळी पुस्तके मागितली, म्हणजे त्या संग्रहालयास एक अत्यंत हावरा वाचक आलेला दिसतो, आणि ते त्याचा वेग आवरते. दोष कोणाचाच नसतो. पुस्तक मात्र येत नाही.

मंद आणि तुटक्या जोडणीसाठी मुद्दाम योजावी अशी एक पद्धत फार पूर्वीच निघाली. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन याने लिहिलेल्या बिटटोरेंटमध्ये मोठ्या फाइलचे लहान तुकडे होतात, प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासला जातो, जोडणी तुटली तरी आलेले तुकडे वाया जात नाहीत, आणि ज्याच्यापाशी तुकडा आहे तो दुसऱ्यास देऊ शकतो. इंटरनेट आर्काइव्ह या संग्रहालयाने २०१२ पासून आपल्या लक्षावधी वस्तू या मार्गाने उपलब्ध करून दिल्या. दुष्काळी भागात टँकरपेक्षा विहिरींवर विसंबावे, तशी ही योजना. परंतु भारतातील विद्यापीठांत सर्वांत आधी बंद होते ती हीच पद्धत, कारण तिच्यावाटे चित्रपटांची चोरी होते. चोरी होते हे खोटे नाही. पण त्या कारणास्तव पुस्तकांचीही वाट अडविण्याचा न्याय ऑगस्ट २०१७ मध्ये साऱ्या देशाने पाहिला आहे. हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती निघू नयेत म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशान्वये अडीच हजारांहून अधिक संकेतस्थळे बंद झाली आणि त्या यादीत इंटरनेट आर्काइव्हही होते. पुढे ते सुरू झाले; त्या दिवसांत आपल्या विषयाच्या अभ्यासाचा केवढा भाग एका दूरच्या यंत्रावर उभा आहे, हे ध्यानात आले एवढे खरे.

त्या यंत्रावरील आपल्या पुस्तकांचे पत्ते लक्ष देऊन वाचण्याजोगे आहेत. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' या उपक्रमात छायांकित झालेल्या हजारो पुस्तकांची ओळखनावे तेथे 'इन डॉट अर्नेट डॉट डीएलआय' अशा अक्षरांनी सुरू होतात. हे 'अर्नेट' म्हणजे भारतातील शिक्षण व संशोधनाचे पहिले संगणकजाळे. १९८६ मध्ये तत्कालीन इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ते सुरू केले. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी हे त्याचे पहिले भागीदार. सर्वसामान्य नागरिकास इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. म्हणजे जवळजवळ एक दशक या देशात जाळे होते ते अभ्यासकांचेच होते. मराठी पुस्तकाच्या पत्त्यावर त्या जाळ्याची मुद्रा आहे, आणि ते पुस्तक त्याच परंपरेतील एखाद्या विद्यापीठाच्या वेशीवर अडकून पडते, हा योग मोठा विचित्र होय.

आता दिंडी दरवाजांकडे वळू. २१० क्रमांकाचे दार बंद असल्याने कोणाचे काही अडत असेल, असे संगणक केंद्रास वाटत नाही. ग्रंथपालास विचारावे. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेखाली १९६२ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने भारतीय भाषांतील पुस्तके पद्धतशीरपणे गोळा केली. त्यांत मराठी पुस्तके विपुल आहेत. नागपुरास किंवा कोल्हापुरास छापलेल्या आणि आपल्याकडे कोणत्याही सूचीत न सापडणाऱ्या कादंबरीची शिस्तशीर नोंद वॉशिंग्टनमध्ये मिळते ती यामुळे. आपल्या अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत चालणारी 'कोहा' ही न्यूझीलंडमध्ये जन्मलेली मुक्त प्रणाली अशी नोंद २१० क्रमांकाच्या दाराने क्षणात आणू शकते. दार बंद असले, की तीच नोंद कर्मचाऱ्यास हाताने करावी लागते. बिगरमराठी प्रदेशातील ग्रंथालयात हे काम करणाऱ्यास मराठी येत असेलच असे नाही. मग 'केशवसुत' हे 'केशव सुत' होतात, 'बी' हे कवीचे नाव की आद्याक्षर याचा घोळ होतो, एका लेखकाचे तीन लेखक होतात, आणि फडताळात असलेले पुस्तक सूचीत नसल्यामुळे नसल्यासारखेच होऊन जाते. एक क्रमांक उघडला असता तर हे टळले असते. तो उघडण्यात धोकाही जवळजवळ नाही, कारण येथे बाहेरच्या कोणास आत यावयाचे नसून आतल्याने ठरावीक ग्रंथालयांकडे जाऊन विचारावयाचे आहे. बाहेरून आत आणि आतून बाहेर हा भेदच आपल्या धोरणांतून हरवलेला दिसतो.

२२ क्रमांकाची कथा आणखी निराळी. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर संकेतशब्दांची चोरी झाली. तेव्हा तेथील संशोधक टाटू युलेनेन याने दूरच्या संगणकाशी सुरक्षित संवाद साधण्याची 'एसएसएच' ही रीत रचली आणि २१ व २३ या जुन्या क्रमांकांमधील मोकळा २२ क्रमांक तिच्यासाठी मागून घेतला. एका विद्यापीठाने सुरक्षिततेसाठी निर्माण केलेली रीत दुसरी विद्यापीठे सुरक्षिततेसाठी बंद ठेवतात! प्रस्तुत लेखक काही काळ ज्या एका विद्यापीठात अभ्यागत म्हणून होता, तेथे त्याने हे दार एका ठरावीक पत्त्यापुरते उघडून मिळावे असा अर्ज केला. काम साधे होते. 'ज्ञानेश्वरी'च्या काही अध्यायांचे निरनिराळे पाठ निरनिराळ्या शहरांतील तीन अभ्यासक एका सामाईक यंत्रावर ठेवून ताडून पाहत होते. पाच आठवड्यांनी उत्तर आले, की सदर मागणी विभागाच्या कार्यस्वरूपाशी सुसंगत नाही. पुढे एका अधिकाऱ्याने सौजन्याने तोंडी खुलासा केला: "सर, भाषा विभागाला याची काय गरज?"

या प्रश्नात दुष्टावा नव्हता. प्रश्न प्रामाणिक होता, आणि म्हणूनच त्याचे उत्तर दिले पाहिजे. पाठ ताडून पाहणे हा मराठीतील जुन्यात जुन्या विद्याव्यवसायांपैकी एक आहे. एकनाथांनी १५८४ मध्ये 'ज्ञानेश्वरी'चे शुद्धीकरण केले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुनी पोथी प्रमाण मानून १९०९ मध्ये आपली प्रत छापली आणि एकनाथपूर्व भाषेचा वाद उभा केला. सुमारे नऊ हजार ओव्या, प्रत्येकीचे अनेक पाठ, प्रत्येक पाठातील ऱ्हस्वदीर्घ आणि प्रत्ययांचे भेद: हे काम माणसाने आयुष्यभर करावे आणि अपुरे ठेवावे अशा जातीचे आहे. यंत्र त्यातील हमाली करू शकते. निर्णय अभ्यासकानेच करावयाचा. भाषेचा अभ्यासक म्हणजे कविता वाचून रसग्रहण करणारा मनुष्य, त्याला टपाल आणि टंकलेखन पुरे, हे जे चित्र व्यवस्थापनाच्या मनात आहे, त्याला काही अंशी आपण जबाबदार नाही काय? आपल्याला काय लागते हे आपण त्यांना कधी लिहून कळविलेच नाही. पदार्थविज्ञान विभाग आपली यादी दरवर्षी देतो.

संगणक केंद्राची बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. त्यांची भीती काल्पनिक नाही. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा विषाणू ४४५ क्रमांकाच्या उघड्या दाराने जगभर पसरला. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची यंत्रणा अशाच हल्ल्यात ठप्प झाली आणि रुग्णांची नोंद कित्येक दिवस कागदावर करावी लागली. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे सुरक्षाभंगाची खबर सहा तासांत द्यावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. एका विद्यार्थ्याने घाऊक प्रमाणात लेख उतरविले म्हणून प्रकाशक साऱ्या विद्यापीठाचा प्रवेश थांबवितात; २०१० मध्ये एमआयटीसारख्या संस्थेवरही जेस्टॉरच्या बाबतीत हा प्रसंग आला होता. वीस-पंचवीस हजार माणसांचे जाळे जे चार-पाच कर्मचारी, बहुधा कंत्राटावर, सांभाळतात, त्यांना 'सगळे बंद' हेच धोरण परवडते. दार उघडे राहून काही घडले तर त्यांची नोकरी जाते. बंद राहून संशोधन खोळंबले तर कोणाचेच काही जात नाही. खरी मेख येथे आहे. धोका पत्करण्याचा निर्णय ज्याच्यावर सोपविला आहे, त्याला त्या धोक्याच्या पलीकडील लाभ दिसण्याची सोयच ठेवलेली नाही. हा निर्णय विद्वत्सभेचा आहे आणि तो तंत्रज्ञांच्या गळ्यात टाकून विद्वत्सभा मोकळी झालेली आहे.

पैसा नाही असेही म्हणता येत नाही. मार्च २०१० मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्यासाठी ५,९९० कोटी रुपयांची तरतूद होती. वेशीपर्यंत रुंद रस्ता आला. आत मात्र पंधरा वर्षांपूर्वीच्या तारा आणि एकेका वर्गाबाहेर लटकणारे एखादे उपकरण. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तिच्याद्वारे तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके ६,३०० संस्थांना मिळावयाची आहेत. योजना स्वागतार्ह आहे. परंतु ही नियतकालिके बहुतांशी इंग्रजी आणि बहुतांशी विज्ञानविषयक. ती ४४३ च्या दाराने, मजकूररूपाने, हलक्या पावलांनी येतात, आणि वेशीवर त्यांची ओळख आधीच पटविलेली असते. मराठीचे वाङ्मय त्या वर्गणीत बसत नाही, कारण ते विकावयास कोणी ठेवलेलेच नाही. ते विखुरलेल्या संग्रहांत, जड फाइलींत, 'फाइल साठवण' किंवा 'मनोरंजन' अशा वर्गांत पडलेल्या संकेतस्थळांवर आहे. अभिजात भाषेचा दर्जा ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाला. वेशीवरील यंत्राच्या वर्गवारीत मात्र आपण अद्याप गावकुसाबाहेरच आहोत.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास यावर काही तोड असते. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय एस.टी. किंवा लोकल पकडून गाठता येते. हैदराबाद, दिल्ली, वाराणसी किंवा शांतिनिकेतन येथे मराठीवर काम करणाऱ्यास जाळे हेच ग्रंथालय. त्यातही ज्याच्या घरी जोडणी नाही, लॅपटॉप विभागाकडून उसना घेतलेला, असा वसतिगृहातील संशोधक अखेर स्वतःच्या मोबाइलचा डेटा विकत घेऊन पुस्तक उतरवितो. शिष्यवृत्ती दोन-दोन महिने तुंबलेली असते तेव्हा हा खर्च जेवणातून निघतो. वसतिगृहातील मुलींच्या मोबाइलवापरावरील निर्बंधांच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेटचा लाभ हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. न्यायालयापुढील प्रश्न वेळेचा आणि शिस्तीचा होता, पोर्टचा नव्हता. पण शिस्तीच्या नावाखाली प्रौढ विद्यार्थ्याचे वाचन किती आवरावे, हा मूळ प्रश्न एकच आहे.

पाहुण्यास कसे वागवावे, याचाही एक संकेत जगात रूढ आहे. 'एड्युरोम' या व्यवस्थेत एका विद्यापीठाचा अभ्यासक दुसऱ्या विद्यापीठात स्वतःच्याच ओळखीने जाळे वापरतो. भारतात तिचे काम अर्नेटच पाहते. युरोपातील तिच्या नियमांत पाहुण्यासाठी कमीत कमी कोणती दारे उघडी असावीत, याची यादी आहे, आणि तीत २२ क्रमांक आहे, टपालाचे सुरक्षित क्रमांक आहेत, आपल्या मूळ विद्यापीठाशी गुप्त वाटेने जोडून घेण्याचे क्रमांक आहेत. आपल्याकडे एड्युरोमचे नाव भिंतीवर लागते; यादीचे काय होते ते विचारू नये.

सगळी दारे उघडा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. मागणी एवढीच, की जाळ्याचे धोरण ठरविणाऱ्या समितीत ग्रंथपाल आणि भाषाविभागाचा एक प्रतिनिधी असावा. इंटरनेट आर्काइव्ह, शोधगंगा, राज्य मराठी विकास संस्थेचा दुर्मिळ ग्रंथांचा संग्रह यांसारख्या संग्रहालयांस आकारमर्यादेतून आणि वेगमर्यादेतून वगळावे. जड फाइली रात्री दोन ते पाच या वेळेत उतराव्यात आणि तुटल्यास तेथूनच पुढे सुरू व्हाव्यात, यासाठी ग्रंथालयात एक यंत्र ठेवावे. एकदा उतरलेले पुस्तक विद्यापीठातील दुसऱ्या वाचकासाठी तेथेच जपून ठेवावे, म्हणजे एकच 'केसरी'चा अंक चाळीस वेळा समुद्र ओलांडून येणार नाही. हे शेवटचे काम एका साध्या संगणकावर आणि काही हजारांच्या डिस्कवर होते. आणि दार उघडण्याचा अर्ज नाकारावयाचा असेल, तर सात दिवसांत, लेखी, कोणत्या धोक्यामुळे ते स्पष्ट सांगून नाकारावा. 'कार्यस्वरूपाशी सुसंगत नाही' हे कारण त्यात धरले जाऊ नये. विभागाचे कार्यस्वरूप विभागानेच सांगावयाचे असते.

त्यासाठी आपल्या विभागांनी आधी आपली यादी करावयास हवी: कोणते संग्रह, कोणते क्रमांक, साधारण किती मेगाबाइट, कोणत्या महिन्यांत. पुढील सत्राचे अंदाजपत्रक बहुतेक ठिकाणी डिसेंबरात विद्वत्सभेपुढे जाते.